तामूच्या वाटेवरची बांगडी

मेहकरच्या मुलींच्या शाळेत पद्मजाबाई तिसरीला शिकवत. गावातल्या बायका मात्र त्यांना ओळखत त्या हिरव्या दगडांपायी. कुणाच्या जुन्या पेटीत एखादी हिरवी अंगठी निघाली, कुणाच्या सासूच्या गाठोड्यात रंगीत मणी सापडला, की ती बाई शाळा सुटायच्या वेळेला पदराखाली पुरचुंडी धरून त्यांच्या ओट्यावर येऊन बसे.

"बाई, हे पाहा बरं. खरं हाय का काच हाय?"

वस्तू हातात घेऊन पद्मजा आधी गालाला लावी. काच हातात धरली की पाहता पाहता कोमट होते. हा दगड बराच वेळ गार राहतो. मग ती तो दोऱ्याला टांगून हलकेच टिचकी मारी आणि कान देऊन ऐके. मग भिंग. आत बुडबुडा दिसला की काच, तिथंच विषय संपला. नाही दिसला तर सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यावर ती तो एकदा कोरडा आणि एकदा पाण्यात टांगून तोली आणि पाटीवर भागाकार मांडी. उत्तर सव्वातीनच्या वर गेलं तर तो ब्रह्मदेशचा जेडाइट. तिनाच्या आसपास राहिलं तर नेफ्राइट, मोगलाईपासून आपल्याकडे येत आलेला, ज्याला जुने लोक यशब म्हणत. लोकांच्या लेखी दोन्ही हिरवे दगड. तिच्या लेखी दोन वेगळी माणसं. जेडाइट भिंगाखाली साखरेसारखा दाणेदार दिसे, घासला तर काचेसारखा लखलखे. नेफ्राइट आतून लोकरीच्या नमद्यासारखा गुंतलेला आणि वरून तेलाचा हात फिरवल्यासारखा मऊ.

तिच्या स्वतःच्या डब्यात एकोणीस वस्तू होत्या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत जुन्या धोतराच्या घड्या. सात अंगठ्या, चार सुटे मणी, कर्णफुलांचे तीन जोड, चिनी बायका अंबाड्यात खोचतात तसला एक काटा. एका म्हाताऱ्या मुसलमान बाईनं दिलेलं हौलदिल होतं, नेफ्राइटचं, छातीची धडधड थांबावी म्हणून गळ्यात घालायचं, त्यावर झिजून गेलेली अक्षरं. आणि तीन बांगड्या. रविवारी दुपारी ती त्या खिडकीत मांडून बसे. उन्हात धरलं की जेडाइटच्या आत उजेड शिरतो आणि थोडा वेळ तिथंच थांबतो. पद्मजाला ते बघायला आवडे. आवडतं, हे ती कुणाजवळ बोलत नसे, कारण ते तिनं हौसेनं जमवलेलं नव्हतं. ती एक बांगडी शोधत होती.

ती बांगडी तिच्या आईची, अन्नपूर्णाबाईंची. पद्मजाचे वडील गोपाळराव मूळचे मेहकरचेच, पण तरुणपणी मंडालेला गेले आणि एका सागवानाच्या वखारीत कारकून झाले. पद्मजा तिकडेच जन्मली. ती पाच वर्षांची असताना एका चिनी दुकानदारानं साबण लावून, हाताची बोटं एकत्र आवळून, तिच्या आईच्या मनगटावर ती बांगडी चढवली. आई दुखून रडली आणि मग हसली. दुधात हिरवा रंग सांडावा तसा तिचा रंग होता आणि एका बाजूला तांदळाएवढा तपकिरी डाग. एकदा चढली ती चढली. धुणी धुताना, भाकरी थापताना ती मनगटावर टकटक वाजे. आपली आई घरात कुठं आहे हे पद्मजाला त्या आवाजावरून कळे.

बेचाळीस साली मंडालेवर बॉम्ब पडले आणि हजारो हिंदी लोकांबरोबर हे तिघं निघाले. नदीनं कालेवापर्यंत, तिथून काबोच्या खोऱ्यातून सरहद्दीवरच्या तामूपर्यंत पायी आणि पुढं डोंगर चढून इंफाळ. पद्मजा नऊ वर्षांची होती. कालेवा सोडल्यावर तिला ताप भरला आणि त्यानंतरचं तिला तुटक तुटक आठवे: वेळूची दाट रानं, वाटेच्या कडेला बसलेली माणसं, त्यांतली काही नुसती बसलेली वाटणारी. एकदा जाग आली तेव्हा ती बैलगाडीत होती आणि नाना, म्हणजे तिचे वडील, गाडीच्या मागून चालत होते. आई कुठाय, असं तिनं विचारलं.

"काल गेली," नाना म्हणाले. "झोपेतच गेली. मी सगळं केलं."

बांगडी निघाली नाही, असंही त्यांनी पुढं कधीतरी सांगितलं. निघत नव्हती म्हणून हातातच राहू दिली.

नाना मेहकरला परत आले आणि एका वकिलाकडे लिहिण्याच्या कामाला लागले. पद्मजा शिकली, नोकरीला लागली. तिचं लग्न दोन-तीनदा जमता जमता मोडलं आणि मग ते कुणी काढेनासं झालं. बापलेक एका घरात राहत. मोठी होता होता तिच्या मनात एक गोष्ट रुजत गेली: त्या वाटेवर मेलेल्यांच्या अंगावरचं कुणीतरी काढून नेलं असणार, आणि नेलेली वस्तू कुठं ना कुठं विकली गेली असणार. म्हणून ती ब्रह्मदेशाहून आलेल्यांचा माग काढी. चौसष्ट-पासष्टात तिकडच्या सरकारनं हिंदी व्यापाऱ्यांना हुसकलं, तेव्हा खामगावात दोन मारवाडी कुटुंबं आली, तर पद्मजा एस.टी.नं चार वेळा खामगावला जाऊन आली. आणलेली प्रत्येक बांगडी ती नानांना दाखवी. नाना चष्मा न लावताच म्हणत, "नाही, ही नाही." हातात कधी घेत नसत. दुःखामुळे घेत नसतील, असं तिला वाटे.

सदुसष्टच्या डिसेंबरात शाळेतल्या एका शिपायानं तिला उंद्रीच्या निवृत्ती पाटलांबद्दल सांगितलं. लढाईत पलटणीत मोटार हाकायला होते, ब्रह्मदेशात फिरलेले, त्यांच्या घरात हिरवी बांगडी आहे. पद्मजा चिखलीला गाडी बदलून उंद्रीला गेली.

निवृत्ती पाटील पंचेचाळिशीचे, एका डोळ्यात फूल पडलेले. त्यांनी तिला बाजेवर बसवलं. बायको रुखमाबाई चहा घेऊन आली आणि बांगडीचं नाव निघताच दारातच उभी राहिली.

"कायले विचारता बाई?" निवृत्तीनं विचारलं.

पद्मजानं सांगितलं. आईचं नाव, वाट, साल. ती बोलत असताना त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

"चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आमी तामूहून खाली उतरलो," ते म्हणाले. "रस्त्याच्या दोन्ही अंगानं हाडं. कोनी झाडाले टेकून बसलेलं, कोनी पोराले घेऊन. अडीच वर्सं झाली होती, कोनी उचलली नोती. साहेब म्हने, गाडी थांबवू नका. पन माही गाडी चिखलात फसली. उतरलो तं पायाजवळ हात होता. हातात बांगडी. मी तवा बावीस वर्सांचा होतो, बाई. मले वाटलं, कोनाले तरी होईल."

"आनली आन मले देली," रुखमाबाई दारातून म्हणाली. "म्या इचारलं कुठून आनली, तं सांगत नोते. दोन वर्सं घातली. मंग एक दिस सांगतलं. तवापासून म्या हात नाई लावला तिले."

तिनं आतून कोठीतल्या तांदळात पुरून ठेवलेली बांगडी आणली आणि ती पद्मजाच्या हातात न देता बाजेवर ठेवली. पांढुरकी, हिरवी झाक असलेली. पद्मजानं ती फिरवली. एका बाजूला तपकिरी डाग होता. तांदळापेक्षा थोडा मोठा असेल, पण नऊ वर्षांच्या पोरीची आठवण ती केवढी. तिनं बांगडी गालाला लावली, आणि ती गार आहे का कोमट, हे तिला त्या क्षणी कळलंच नाही.

"घेऊन जा," निवृत्ती म्हणाले. "मले काई नको. फक्त तुमची नसन तरी वापस आनू नका."

मेहकरला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून दुपार झाली होती. नाना परसात उन्हात खुर्चीवर बसले होते. सत्तरीचे झाले होते, दम्यानं खंगले होते. पद्मजानं त्यांच्यासमोर बसून रुमाल उघडला.

"ही नाही," नाना म्हणाले.

"नाना, बघा तरी. डाग आहे. तामूच्या खालीच सापडली, रस्त्याच्या कडेला, हातात होती."

"ही नाही, पद्मा."

"तुम्ही न बघता कसं सांगता?"

नानांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तिच्या हातात बांगडी नव्हती."

पद्मजाला वाटलं, म्हातारपणानं ते गोंधळले. तिनं त्यांना आठवण दिली की निघत नव्हती म्हणून तुम्ही राहू दिली होती. नानांनी मान हलवली.

"निघाली होती. हगवणीनं तिचा हात काडीसारखा झाला होता. बांगडी कोपरापर्यंत सरकायची. तू तापानं फणफणलेली, चालवत नव्हतं. मी तुम्हा दोघींना आळीपाळीनं उचलत होतो. अर्धा मैल एकीला, मग मागं येऊन दुसरीला. मग एक गाडीवाला आला. तामूपर्यंत एकाला नेतो म्हणाला. रोगी बाई नको, पोर चालेल. बदल्यात बांगडी मागितली."

"आणि आई?"

"झाडाखाली होती."

"नाना, आई गेली होती ना तेव्हा?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

शेजारच्या परसात कुणी तरी चिंचा झोडपत होतं. पद्मजा तो आवाज ऐकत राहिली.

"शुद्धीत होती," नाना म्हणाले. "तिनं हात पुढं केला, का मीच ओढून काढली, ते मला आठवत नाही. पंचवीस वर्षं आठवून बघतो. तिच्याजवळ तांब्या ठेवला, पाण्यानं भरून. तुला तामूला पोचवून परत येतो म्हणालो. तिनं हो म्हटलं. तामूला छावणीत मलाच ताप भरला. पाचव्या दिवशी उठलो, तर मागं जाऊ देत नव्हते. पहारा होता. मी फार हुज्जत घातली नाही, पद्मा. खरं सांगतो, मी फार हुज्जत घातली नाही."

"मी वीस वर्षं शोधत होते."

"माहीत आहे."

"प्रत्येक वेळेला मी तुमच्यापुढं आणून ठेवली."

"तू बांगडी शोधत होतीस तोवर दुसरं काही विचारत नव्हतीस," नाना म्हणाले. त्यांना खोकल्याची ढास लागली, आणि पद्मजानं उठून, रोजच्यासारखं, पाणी आणून दिलं.

त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं राहिलं. औषध घेतलं का, दार लावा, वीज गेली. ती त्यांचं सगळं करी. आंघोळीचं पाणी काढी, पाय चेपी, खोकल्याची उबळ आली की पाठीवरून हात फिरवी. शाळेतल्या बायका म्हणत, मुलगाही करणार नाही इतकं करते. एकदा जेवताना नानांनी विचारलं, "तू मला माफ केलंस का?" ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे का?" आणि मिठाची वाटी पुढं सरकवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आठ महिन्यांनी, श्रावणात, नाना गेले.

ते असतानाच तिनं पत्रं लिहायला सुरुवात केली होती. तामूच्या छावणीत, वाटेवरच्या दवाखान्यांत, बेचाळीसच्या मे महिन्यात आणलेल्या आजारी बायकांची नावं कुठं आहेत का. आईला कुणी उचललं असेल. कुणी मिशनरी, कुणी गाडीवाला. एका कचेरीनं तिला दुसऱ्या कचेरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. दोन वर्षांनी एक टंकलिखित कागद आला की त्या काळच्या याद्या उपलब्ध नाहीत. तिनं कागद घडी करून ठेवला आणि आणखी तीन पत्रं लिहिली. त्यांना उत्तर आलं नाही.

डब्याचं झाकण मात्र तिनं फारसं काढलं नाही. उंद्रीची बांगडी तिनं इतर वस्तूंत ठेवली नाही. ती कुणा दुसऱ्या बाईची होती, आणि ती बाई गाडीत चढली नव्हती एवढंच तिला तिच्याबद्दल माहीत होतं. ती तिनं स्वयंपाकघरात, देवांच्या शेजारी, एका पितळी वाटीत ठेवली. कुणी विचारलं तर ती सांगे, "ब्रह्मदेशची आहे. खरी आहे." बायका पुरचुंड्या घेऊन येतच राहिल्या, आणि ती दगड टांगून, टिचकी मारून, पाटीवर भागाकार मांडून देत राहिली. काच निघाली तर काच म्हणे. पूर्वी ती अशा वेळी बायकांची समजूत काढायची. आता काढत नसे.

नानांचं वर्ष सरल्यावर आलेल्या पितृपक्षात भटजी यादी लिहायला बसले. वडिलांचं झालं. मग त्यांनी विचारलं, "आणि मातोश्री? दरवर्षी वैशाख वद्य सप्तमीला करतो आपण. तीच तिथी ना?"

"ती तिथी नानांनी सांगितलेली," पद्मजा म्हणाली.

"हो, मग?"

"ती खरी नाही."

भटजी थांबले. "मग खरी कोणती?"

"माहीत नाही. त्याच्यानंतरची. एक दिवसाची असेल, महिन्याची असेल."

भटजी जुने होते, घरातले होते. तिथी कळत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला करता येतं, असं म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. अमावास्येला पद्मजानं सकाळी उठून खीर केली, वडे तळले, पान वाढलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा यायला फार वेळ लागला. ती उन्हात उभी राहिली. खाली शाळेची पहिली घंटा झाली, दुसरीही झाली, तरी ती जागची हलली नाही.