गळ्यापर्यंत भरलेली टाकी

आमची गाडी पेट्रोल भरल्यावर रुसायची. घरून निघताना चावी फिरवली की मुकाट्यानं सुरू होणारी ही बया पेट्रोल पंपावर, म्हणजे इकडच्या भाषेत बंकवर, पोट भरलं की नुसती कण्हत राहायची. स्टार्टर फिरतोय हे ऐकू यायचं, पण इंजिन काही पेट घ्यायचं नाही. बऱ्याच वेळानं ती खोकत, थरथरत सुरू व्हायची आणि मागे काळा धूर सोडायची. दुसऱ्या कुणाच्या घरी ही नुसती कटकट ठरली असती. आम्हाला तिची भीती वाटायची, कारण मागच्या सीटवर अम्मा बसलेली असायची.

अम्माचं हृदय थकलं होतं. मधूनच छातीत पाणी साठायचं आणि श्वास अडकायचा. तसं झालं की घरी काही करत बसू नका, थेट घेऊन या, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळनाडूतले मराठी; राहतो तिरुवैयारूत आणि हॉस्पिटल तंजावरात. मधे पाच नद्या, पाच पूल. पुढे भाताचा ट्रॅक्टर लागला तर पूल संपेपर्यंत त्याच्या मागून रांगायचं. ॲम्ब्युलन्स तिकडून येऊन परत जाणार म्हणजे वेळ दुप्पट. मी तंजावरच्या कॉलेजात शिकवते, सकाळी बसनं जाते ती संध्याकाळी येते. दिवसा घरी अम्मा आणि अप्पा, माझे आईवडील, दोघंच. म्हणजे वेळ आलीच तर गाडी काढायची अप्पांनी. सगळी भिस्त त्या गाडीवर होती, आणि नेमकी तीच दगा देत होती.

एकदा तपासणीहून परतताना बंकवर ती अशी अडली की मागे रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. पेट्रोलचा वास गाडीत भरला आणि अम्मा खोकायला लागली. अप्पा चावी फिरवत होते, त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी खाली उतरून मागच्या मोटरसायकलवाल्याशी तमिळमधून कडाकडा भांडले. त्याची काही चूक नव्हती, पण माझं धाबं दणाणलं होतं आणि मी घाबरले की भांडते. गाडी शेवटी सुरू झाली. पाचही पूल ओलांडेपर्यंत मी अम्माचा श्वास मोजत राहिले.

मग उपचार सुरू झाले, गाडीचे. बॅटरी बदलली. स्टार्टर उघडून साफ केला. प्लग नवे घातले. मेकॅनिक दर वेळी सांगायचा की आता बघा, आणि पुढच्या पेट्रोलला पहिले पाढे पंचावन्न. अप्पांच्या मनात मात्र भलतंच काही शिजत होतं. ते संध्याकाळी अंगणात उभे राहून गाडीकडे नुसते बघत राहायचे. एके दिवशी आमच्या तंजावरी मराठीत मला म्हणाले, "मी भरलों की असं होतंय. तूं भरलीस की होत नाही. मज हातांतच काय तरी आहे." मी हसून टाळलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवणंच सोडलं. मी घरी असेन तेव्हा मी चालवायची. मी नसेन तेव्हा काय, हा प्रश्न आम्ही कुणीच मोठ्यानं विचारला नाही. कॉलेजात वर्गात शिकवताना फोन वाजला की मी वाक्य अर्धवट सोडून बघायची.

अप्पांचं बोलणं वेडेपणाचं होतं, तरी एक गोष्ट खरी निघाली. मी आठवून आठवून पाहिलं. मी पेट्रोल भरून आणलेलं असलं की गाडी खरंच लगेच सुरू व्हायची. आता गाडीला हातांची पारख असते असं मी मानणार नव्हते. म्हणून एका रविवारी अप्पांनाच पुढे घालून बंकवर गेले आणि पेट्रोल त्यांना भरून घ्यायला लावलं. मी नुसती बाजूला उभी राहिले.

नळी टाकीत गेली, आकडे पळाले, टक वाजून पेट्रोल आपोआप थांबलं. मी तेवढ्यावर पैसे देऊन निघते. अप्पा म्हणाले, "इन्नुम कोंजम," म्हणजे अजून थोडं. बंकवरच्या माणसानं थोडं सोडलं. अप्पांनी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर हात ठेवून ती दोनदा हलवली, पोत्यात धान्य बसवावं तशी. पुन्हा थोडं. मग वाकून तोंडातून आत बघितलं. पेट्रोल गळ्याशी चमकताना दिसलं तेव्हा कुठे त्यांनी झाकण लावलं.

आमच्या घराची ही रीतच आहे. प्रवासाला निघताना दारातला तांब्याचा कुंडा पाण्यानं काठोकाठ भरलेला लागतो. बोटभर रिकामा राहिला तरी अप्पा निघालेल्या माणसाला थांबवून ठेवतात. त्यात त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवा तुडुंब वाहिला तरच शेवटच्या गावाला पाणी पोचतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. अम्मा आजारी पडल्यापासून टाकी त्या कुंड्याच्या जागी आली होती.

गाडी सुरू होईना. त्याही दिवशी मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चावी फिरवली, तेव्हा ती काळा धूर ओकत जागी झाली. तिथून थेट मेकॅनिककडे नेली आणि मी पाहिलं ते त्याला सांगितलं. त्यानं उलगडून सांगितलं: टाकीत वरच्या बाजूला थोडी जागा पेट्रोलच्या वाफेसाठी सोडलेली असते. ती वाफ कोळशाच्या एका डब्यात जाते आणि तिथून हळूहळू इंजिनात. आम्ही त्या डब्यात पेट्रोलच ओतत होतो. त्यानं गाडीखालचा डबा काढून तिरपा केला, तर त्यातून धार लागली. इंजिन आतून पेट्रोलनं गुदमरत होतं. अम्माच्या छातीत पाणी साठतं तसंच, हे माझ्या मनात आलं.

घरी येऊन मी अप्पांना चांगलंच फैलावर घेतलं. टक वाजलं की हात जोडून थांबायचं, तुमचा कुंडा दारात भरा, म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत होते. खाटेवरून अम्मा हळूच म्हणाली, "कसाला तेनला बोलतीस? भरू दे की. तेनच्या हातांत दुसरं काय आहे?" पण मी माघार घेतली नाही, आणि घ्यायची नव्हतीच.

नवा डबा बसला, गाडी शहाणी झाली. अप्पा परत चालवायला लागले. टक वाजलं की ते थांबायचे, मात्र झाकण लावताना त्यांचा हात क्षणभर घुटमळायचा. माझा जीव भांड्यात पडला होता. वर्गात फोन वाजला तरी आता मी वाक्य पुरं करून बघायची.

तसंच एक वाक्य पुरं करून फोन पाहिला तेव्हा अप्पांचा होता. मी कॉलेजातून हॉस्पिटलात पोचले. अप्पा अम्माला घेऊन वेळेत आले होते. गाडी सुरू झाली होती, पूल मोकळे होते, डॉक्टर दारात होते. सगळं नीट झालं होतं आणि अम्मा गेली होती. तिचं हृदयच आता पुढे चालायला तयार नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

अप्पा बाकावर चावी मुठीत धरून बसले होते. "एका फिरकीला चालू झाली," ते म्हणाले. "तूं सांगिटलीस तसंच केलों. टक वाजलं की थांबलों." मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "थोडी जागा रिकामी राहिली, पोरी."

मला त्यांना समजावता आलं असतं. वाफ, डबा, इंजिन, सगळं मला माहीत होतं. पण मी त्यांच्या मुठीतून चावी सोडवून घेतली आणि रडले.

अलीकडे आम्ही दोघं बंकवर गेलो होतो. अप्पा माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीवर, नजर समोर. मागे टक वाजलं. त्यांनी नुसते डोळे मिटले. मी काच खाली केली आणि त्या माणसाला म्हणाले, "इन्नुम कोंजम." मग उतरले, गाडी दोनदा हलवली, गळ्याशी पेट्रोल दिसेपर्यंत थांबले.

चावी फिरवली तर ती अर्थातच सुरू होईना. मागे हॉर्न वाजायला लागले. आम्ही दोघं तिचं कण्हणं ऐकत बसून राहिलो. मागची सीट रिकामी होती, आणि आम्हाला कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं.