भुकेच्या दारावर

त्या मे महिन्यात आईला कावीळ झाली आणि कॉम्प्युटर ज्या खोलीत होता तिथेच तिची गादी घालावी लागली. दुसरी खोली पत्र्याची, दुपारी आत पाय ठेववत नसे. त्यामुळे दादाचा गेम आणि आईचं आजारपण एकाच पंख्याखाली नांदू लागलं. ते दिवस मला आजही पिवळेच आठवतात. आईचे डोळे पिवळे, पडद्यातून झिरपणारं ऊन पिवळं, आणि जव्हारभर पसरलेली ती दुपारची सुस्ती, तीही पिवळीच.

दादा नाशिकला डिप्लोमा करत होता. सुटीत येताना त्यानं जुने भाग जोडून केलेला कॉम्प्युटर एसटीतून मांडीवर घेऊन आणला होता आणि मित्राकडून कॉपी केलेल्या सीडी बनियनमध्ये गुंडाळून. त्यातला हा गेम एका मूळ गेमचा पुढचा भाग होता. मूळ गेममध्ये नायकाचं जग वाचवून झालं होतं. मी विचारलं, मग आता उरलं काय? दादा म्हणाला, जग वाचवल्यावर माणसाचं काय होतं ते यात आहे.

होतं असं की नायक एका गुहेत जागा होतो आणि त्याच्या छातीत कुणीतरी भूक ठेवून गेलेलं असतं. ही भूक अन्नानं भागत नाही, तिला आत्मे लागतात. झाडांचे, जनावरांचे, मेलेल्या माणसांचे. पडद्याच्या कडेला एक लाल पट्टी होती, भूक वाढली की ती वर चढायची. पावलोपावली गेम विचारायचा, खायचं की सोसायचं? खाल्लं तर अंगात बळ यायचं, पण सोबती एकेक करून तोडून बोलू लागायचे. सोसलं तर नायक चालता चालता गुडघ्यावर यायचा. सगळं इंग्रजीत. शाळेत माझ्या इंग्रजीचा उद्धार व्हायचा, पण इथे मी डिक्शनरी मांडीवर घेऊन आईची दुभाषी झाले होते.

आई उपकेंद्रात नर्स होती. कुपोषणानं पोरं दगावून वावर-वांगणीचं नाव पेपरात आलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिची नेमणूक मोखाड्याकडे, पोशेऱ्याच्याही पुढच्या एका गावात झाली. मी अंगावर पीत होते तोवर तिच्याजवळ राहिले, मग मला जव्हारला वडिलांकडे आणलं. शनिवारी संध्याकाळची एसटी आईला आणायची, सोमवारी पहाटेची घेऊन जायची. तिला दोनदा जव्हारला बदली देऊ केली होती आणि दोन्ही वेळा तिनं नको म्हटलं. "मी उठले तर तिथं कोण?" एवढंच ती म्हणायची. आता तिसऱ्यांदा विचारणा आली होती आणि रजा संपायच्या आत तिला उत्तर द्यायचं होतं.

वडील कचेरीत क्लार्क. दिवसभर दुसऱ्यांच्या बदल्यांचे कागद हलवायचे आणि घरी या बदलीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. दादाला आईचा अभिमान होता, मित्रांना तो तिच्याबद्दल रंगवून सांगायचा. मला मात्र आई घरी हवी होती. त्या गावाचं काय व्हायचं ते होवो, असं मला सरळ वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून मी सगळ्यांवर डाफरत असायचे.

आईच्या तोंडाला चव नव्हती. भाताची पेज दोन घोट घेऊन ती वाटी सरकवायची आणि गादीवर पडल्या पडल्या त्या भुकेल्या माणसाकडे बघत राहायची. मधेच झोप लागायची, मधेच डोळे उघडायचे. गेममधल्या रानावर जांभळं आभाळ होतं. मोह फुलायच्या दिवसांत आमच्या गावाच्या डोंगरावर संध्याकाळी असंच दिसतं, ती पुटपुटायची. आमचं गाव म्हणजे ते गाव, जव्हार नव्हे. मला ते लागायचं. दुपारी लाइट गेली की पंखा हळूहळू थांबायचा, पडदा काळा व्हायचा आणि ती डोळे मिटूनच विचारायची, "आता तो कुठं असेल?" मग मीही भिंतीला टेकून पेंगायचे आणि स्वप्नात ते जांभळं रान घाट चढून आमच्या एसटी स्टँडपर्यंत यायचं.

एकदा गेममध्ये वाघाएवढं मोठं जनावर आलं, त्या रानाचा राखणदार. दादानं ते खायचं ठरवलं तोच मागून आईचा आवाज आला, "वाघदेवाला हात लावायचा नाही." वळून बघितलं तर ती पडल्या पडल्याच हात जोडून होती. तिच्या गावच्या शिवेवर वाघ कोरलेला लाकडी खांब उभा होता, येताजाता हात जोडायची सवय झालेली. दादानं निमूट माघार घेतली आणि नायक पुढचे दोन दिवस लंगडत हिंडला.

मग आईनं भुकेचा ताबाच घेतला. तिचं सगळं आयुष्य उपाशी पोरांना वाढवण्यात गेलेलं. ती म्हणाली, तुझं चुकतंय, उपाशी जिवाला एकदम पोटभर द्यायचं नसतं आणि तरसवायचंही नसतं. थोडं थोडं द्यायचं, वेळ न चुकवता. दादानं तसं केलं. एखाद्या वाटसरू भुताचा आत्मा, एखाद्या वाळक्या झाडाचा. पण पट्टी खाली यायचं नाव घेईना. प्रत्येक घासानंतर ती आणखी जोरात चढायची. आईनं पुन्हा पुन्हा करायला लावलं, शेवटी चिडली.

"पोटाची भूक घास पडला की निवते," ती म्हणाली. "ही खाल्लं की वाढतेय. ही पोटाची नाही." आणि कूस बदलून झोपली.

दोन दिवसांनी तिच्या गावची एक बाई तिला बघायला आली. बरोबर नागलीचं पीठ आणि पदरात बांधलेल्या कैऱ्या. उंबऱ्यापाशीच बसली, आत ये म्हटलं तरी येईना. आईनं एकेकाची चौकशी केली. कुणाचं बाळंतपण झालं, कुणाचं पोर वजनात बसलं. सगळं नीट चाललं होतं. आईच्या जागी मोखाड्याहून एक तरुण नर्स आली होती.

"ती नवी बाय बेस हाय," बाई मोकळेपणानं म्हणाली. "तिची सुई दुखं नाय."

आई हसली. बरं झालं म्हणाली, मला चहा ठेवायला सांगितलं. बाई गेल्यावर मात्र तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि तिची पाठ बघून रडूही येत होतं. त्या दिवशी तिनं गेम लावू दिला नाही.

गेमचा शेवट आला तेव्हा ती उठून बसू लागली होती. त्याच नागलीच्या पिठाची आंबील वाटीत होती आणि आई ती चवीनं पीत होती. पडद्यावर एक दगडी दार होतं. मी वाचून दाखवलं. नायकानं या दाराआड कायमचं बसायचं, भूक स्वतःत कोंडून, म्हणजे बाहेरचे सगळे सुखरूप राहतील. नाहीतर भूक तिथेच टाकून घरी जायचं, मग ती कधीतरी दुसऱ्या कुणाच्या छातीत शिरेल. दादाचं ठरलेलं होतं. त्यानं माउस बसण्याच्या ओळीवर नेला.

"थांब," आई म्हणाली. "त्याला घरी पाठव."

दादाला वाटलं तिला कळलं नाही. भूक दुसऱ्याच्या वाट्याला जाईल, हा वाईट शेवट आहे, त्यानं समजावलं.

"जाईल की. तो दुसरा बघेल. हा काय एकटाच शहाणा आहे?"

दादाचा हात माउसवरच राहिला. पडद्याकडे बघत, अगदी हळू त्यानं विचारलं, "मग आम्ही लहान होतो तेव्हा तू का नाही आलीस?"

पंखा फिरत होता. आईनं वाटी खाली ठेवली.

"तेव्हा वाटायचं, मी उठले तर दार उघडं पडेल," ती म्हणाली. "आणि तसं वाटणं मला आवडायचं, बाळा. फार आवडायचं."

दादानं घरी जाण्याची ओळ दाबली. नायक दाराकडे पाठ करून चालू लागला, समोर नुसतं धुकं, आणि तेवढ्यात लाइट गेली. तो पोचला का ते आम्हाला दिसलंच नाही. संध्याकाळी वडील आल्यावर आई म्हणाली, उद्या कळवून टाका, येते म्हणून. वडिलांनी मान हलवली, चप्पल घातली आणि बाजारात गेले. येताना उसाचा रस आणला, चौघांना पुरेल एवढा.

जूनपासून आई रोज संध्याकाळी घरी यायला लागली. मला ती दोन वर्षं मिळाली, पुढे मी डीएडला बाहेर पडेपर्यंत. आमची भांडणंही भरपूर झाली, कारण एकमेकींची सवयच नव्हती. दादाला तेवढंही नाही मिळालं. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा, आणि त्याला सोडायला आई स्टँडवर जायची.

तो गेम त्यानं पुन्हा लावला नाही. खूप दिवसांनी एकदा मी सहज विचारलं, तो माणूस शेवटी घरी पोचला असेल का रे?

"पोचला असेल," दादा म्हणाला. "पण पोरं तोवर मोठी झाली असतील."