अर्ध्याचा मंत्र

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. वय एक्केचाळीस, आणि आजवर त्याने एक वाक्य पुरतं बोललेलं माझ्या ऐकिवात नाही, म्हणून घरी सगळे त्याला अर्ध्या म्हणतात. दोष म्हणे माझा! आता समोरचा एकेक शब्द रांगत रांगत आणतोय म्हटल्यावर माणसाने किती वेळ कळ काढायची?

शनिवारी दुपारी त्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही फाशांवरचा लढाईचा खेळ खेळतो. शेजारचे दातांचे डॉक्टर राक्षस चालवतात, औषधांच्या दुकानातल्या बाईंकडे तलवार, माझ्याकडे कुऱ्हाड. अर्ध्या जादूगार. नियम असा, की जादूगाराने मंत्र आधी जाहीर करायचा, मग सगळ्यांचे वार होऊ द्यायचे, आणि मंत्र लागणार फेरीच्या शेवटी. मधे त्याला नुसता ओरखडा उठला तरी मंत्र फुकट. तीन वर्षांत याचे सहा मंत्र लागले असतील. तरी दरवेळी जादूगारच व्हायचं, हौस बघा!

त्या शनिवारी सकाळीच मला म्हणाला, "ताई, आज मी बाईंना... लग्नाचं... फक्त तू मधे..."

"नाही बोलणार रे बाबा, कळलं!" मी म्हटलं.

दुपारी राक्षसांनी आम्हाला घेरलं. अर्ध्याने मंत्र जाहीर केला, आणि डॉक्टरांनी लगेच सगळे तिरंदाज राक्षस त्याच्यावर सोडले. तेव्हा बाई म्हणाल्या, "मी या फेरीत वार करत नाही. यांच्यापुढे उभी राहते." बाण त्यांनी अंगावर घेतले, मंत्र लागला, राक्षस आडवे. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अर्ध्याचे कान लाल झाले. "बाई, मला तुमच्याशी..."

"चहा टाकू का सगळ्यांना?" गेलंच माझ्या तोंडून. जळ्ळी मेली जीभ!

"ताई, थांबा जरा," बाई म्हणाल्या. "बोला तुम्ही."

मी थांबले. अर्ध्या नुसता बघत राहिला. इतकी वर्षं कुणी त्याला शेवटपर्यंत जाऊच दिलं नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्याकडे पुढचे शब्दच नव्हते. माझ्या जिभेवर अगदी तयार होते, पण मी ओठ घट्ट मिटून बसले. रडू येत होतं मला, खरं सांगते.

शेवटी बाईंनीच विचारलं, "लग्न करायचंय?"

"हो," तो म्हणाला. माझ्यासमोर तो एवढ्या मोठ्याने कधी बोलल्याचं मला आठवत नाही.