खाडीकाठची निर्दय मुलगी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नव्वदच्या दशकात मानसशास्त्रात एम.ए. करत होतो, तेव्हा मार्गदर्शक सरांनी एक इंग्रजी प्रश्नावली दिली. मुलं किती निर्दय आहेत, हे मुलांनाच विचारून मोजायचं. प्रत्येक विधानापुढे 'खरं' किंवा 'खोटं' अशी खूण. निर्दय मूल तसं कबूल का करेल, अशी शंका मला आली होती. पण इंग्रजीत छापलेल्यावर शंका घ्यायची मला सवय नव्हती. शहाडच्या खोलीत शब्दकोश घेऊन बसलो आणि भाषांतर केलं.

ठाण्यात खाडीजवळच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात ती प्रश्नावली वाटली. वर्गशिक्षिका बाकांमधून फिरत बजावत होत्या, कुणी चुकू नका. सगळा वर्ग संत निघाला, एक कोळ्यांची मुलगी सोडून. प्राण्यांना इजा करते, वाईट वाटत नाही, या विधानांपुढे तिने सरळ 'खरं' अशी खूण केली होती.

पेपर आधी मुख्याध्यापकांनी बघायचे, अशी शाळेची पद्धत. त्यांनी बघितले, आणि असली मुलगी स्कॉलरशिपच्या जादा तासांना नको म्हणाले. ती तर त्या तासांसाठी शिक्षिकेच्या मागे लागून बसलेली.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, रोज सकाळी आईबरोबर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, साफ करते, जिवंत असतात, नांग्या मोडाव्या लागतात.

"वाईट नाही वाटत?"

"वाईट वाटत बसली तर बोट धरंल ना ती."

हे मी मुख्याध्यापकांना जमेल तसं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या टेस्टवर तुमचाच विश्वास नाही का?" मी तरी विनवत राहिलो. शेवटी नापासांची घेतात तशी तिची फेरपरीक्षा घ्यायला त्यांनी परवानगी दिली.

पेपर हातात घेऊन तिने हळूच विचारलं, "सर, खरं लिहू, का बाईंना आवडंल ते?"

मुख्याध्यापक दारातच उभे होते. मी चाचरत म्हणालो, "तुला जादा तासांना बसायचंय ना?"

तिने मान हलवली आणि भराभर खुणा केल्या. या खेपेला ती अख्ख्या वर्गात सगळ्यांत दयाळू ठरली. 'सुधारणा आहे,' असं म्हणून मुख्याध्यापकांनी तिला तासांना बसू दिलं.

अहवालात कुठला आकडा घालू, असं मी आमच्या सरांना विचारलं.

"दुसरा घाल," ते म्हणाले. "पहिल्यांदा मुलांना समजत नाही रे काय लिहायचं ते."