काकांचं स्वतंत्र मत

हैदराबादेत स्वतंत्र वृत्तीची माणसं पुष्कळ असतील, पण सरकारी पत्राने स्वतंत्र झालेला आणि त्या पत्रातलं अक्षर न् अक्षर पाळणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाल्यावर पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक सल्लागार मंडळावर ‘स्वतंत्र सदस्य’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पत्र त्यांनी उभं राहून वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, “चाळीस वर्षं कुणाचं ऐकलंत तुम्ही? सरकारला आत्ता कळलं.”

मंडळाची गाडी बरकतपुऱ्यात दारापर्यंत यायची, पण काका बसने जायचे. बैठकीतला चहासुद्धा घ्यायचे नाहीत; घरून नेलेल्या थर्मासमधला स्वतःचा चहा सगळ्यांसमोर शांतपणे पीत बसायचे. हळूहळू हे स्वातंत्र्य घरातही शिरलं. वरणात मीठ कमी पडलं तर ते ‘असहमत’ म्हणत आणि कारणंही देत. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा आईने त्यांना हौसेने मत विचारलं. पाहुणे अजून जिन्यातच होते. काका म्हणाले, “एका भेटीवर मत देता येणार नाही. नमुना अपुरा आहे.” मग आणखी दोन भेटी ठरवाव्या लागल्या. त्या दोन भेटींत बहीण त्या मुलाच्या प्रेमातच पडली, हा भाग वेगळा.

मी तेव्हा पाण्याच्या पाइपांचे सांधे बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. आमचा नवा सांधा मंजुरीसाठी त्याच मंडळापुढे जाणार होता आणि माझी बढती त्यावर अडली होती. एका रविवारी अंबरपेठेत माझ्या घरी उपमा खाताना मी हे त्यांना कौतुकाने सांगितलं. काकांनी चमचा खाली ठेवला, हात धुतले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला कळवलं की बायकोचा भाचा त्या कंपनीत आहे, सबब या विषयापुरतं मी बसणार नाही. अध्यक्षांनी फोन केला, “साब, बीवी के भांजे को रिश्ता बोलते क्या?” काका म्हणाले, “हौ, बोलते.”

पंचाईत अशी, की मंडळात सांध्यांतलं कळणारे तेवढे एकटे काकाच. बाहेरचा जाणकार शोधण्यात चार महिने गेले. ऑफिसात साहेब माझ्याकडे असं बघायचे, जणू काकांना मीच शिकवून पाठवलं होतं. शेवटी चिडून मी बरकतपुऱ्याला गेलो आणि म्हणालो, की बाहेर राहून तुम्ही माझंच नुकसान करताय, आत बसून नापास केलं असतंत तरी परवडलं असतं.

काका म्हणाले, “सांध्याचा कागदसुद्धा मी पाहिला नव्हता, आणि तरी मला हो म्हणावंसं वाटत होतं. तुझं काम म्हणून. त्यासाठी उठलो रे.”

मावशीने पोहे केले, ते मुकाट्याने खाऊन मी परत आलो.

पुढे जाणकार मिळाले. त्यांनी रबराची कडी जाड करायला लावून सांधा मंजूर केला, आणि मला बढतीही मिळाली. आदेश हाती पडल्याची खात्री झाल्यावरच काका आमच्याकडे पुन्हा आले.

आता त्यांची मुदत संपली आहे. परवा मावशी सहज बोलून गेली, की त्या चार महिन्यांत ते दर बुधवारी अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन रबराच्या सांध्यांवरची पुस्तकं वाचत बसायचे. मत द्यायचं नव्हतं, कुणाला सांगायचंही नव्हतं. भाच्याने केलेलं टिकेल ना, एवढं स्वतःपुरतं कळायला हवं होतं. मी त्यांना विचारलं, मग काय वाटलं होतं तेव्हा?

“चांगला होता सांधा,” ते हळूच म्हणाले, आणि मी आणखी काही विचारायच्या आत झाडांना पाणी घालायला उठून गेले.