सोवळ्यातला फोल्डर

देवघरात वाती साठाव्यात तसे आमच्या तासगावच्या शुक्रवारच्या भजनी मंडळात किस्से साठतात. वाती निदान जळून तरी संपतात.

मुलानं पुण्याहून जुना लॅपटॉप पाठवला, त्यात मंडळाची भजनं नि फोटो ठेवले. सूनबाई शिल्पा म्हणाली, यातलं सगळं आपोआप वर क्लाउडवर जातं, म्हणजे हरवत नाही. शेजारच्या मालनवहिनींना पटेना. "आवं, वर गेलेलं कवा माघारी आलंय व्हय?"

*

थोड्याच दिवसांत वरची जागा भरली. बघतो तर वहिनींच्या यजमानांनी त्यात भरून ठेवलेले बेदाण्याच्या शेडचे व्हिडिओ! शिल्पा म्हणाली, एखाद्या फोल्डरची टिक काढली की तो वर जात नाही, इथंच राहतो. वहिनी लगेच म्हणाल्या, "ह्यांचीच काढ. घरातबी लय जागा अडवत्यात."

भिडेखातर शिल्पानं ती ठेवली.

*

मग टिक कुणाची काढायची? मी म्हटलं, सुमनकाकूंची.

काकू मंडळात थोरल्या, चैत्रात गेल्या. त्यांच्या आवाजातली एवढी एकच आरती आमच्याकडे होती. दुसऱ्या कडव्यानंतर मधेच लेकीला "रेखे, समई बघ गं" म्हणाल्या होत्या, तेही तिच्यात आलेलं. दर शुक्रवारी ती लावून आम्ही मागोमाग म्हणायचो, समईसकट.

शिल्पानं दोनदा विचारलं, "आई, नक्की?"

"ते सोवळ्यातलं आहे गं. कुणाचा हात नको लागायला."

*

खंडेनवमीला विळी-कातरीच्या शेजारी मी लॅपटॉपही पुजला. हळदकुंकू, अक्षता, वर फुलानं पाणी शिंपडलं. थोडंसंच. तो बंद पडला तो पडलाच.

दुसरा आणला, तर वरचं सगळं खाली आलं, शेडच्या व्हिडिओंसकट. काकूंचा फोल्डर तेवढा नाही. मालनवहिनी हळूच म्हणाल्या, "वर गेलेलं समदं माघारी आलं की."

मी कुणाला काही बोलले नाही. देवीला अकरा शुक्रवार बोलले.

*

नवव्या शुक्रवारी रेखा दहिवडीहून आली, पेनड्राइव्ह घेऊन. आईचा आवाज घरी न्यायचा होता तिला. मी सगळं सांगितलं. मान वर होत नव्हती. ती पेनड्राइव्ह मुठीत धरून मागं भिंतीला टेकून बसली.

आरतीची वेळ झाली होती. आम्ही सुरू केली. दुसरं कडवं संपलं आणि सवयीनं आम्ही साऱ्याजणी एका सुरात म्हणालो, "रेखे, समई बघ गं."

रेखा उठली आणि तिनं वात पुढं सारली.