भावाच्या कोटातल्या नोटिसा

लाँड्रीवाल्या ताईंचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या खिशात कागद सापडला तर तो उलगडायचा, ओला असेल तर हलक्या इस्त्रीखाली वाळवायचा, पण वाचायचा नाही. पाकिटात घालून कपड्यांबरोबर परत. लोकांची प्रेमपत्रं, उधारीच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं, पण इकडची गोष्ट तिकडे झाली नाही. गल्लीत त्यांना मान होता तो यासाठीच.

धाकट्या भावाला त्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. तो हिशेबनीस झाला, कोट घालून फिरू लागला, तेव्हा ताईंना कोण आनंद! तो कोट अर्थात लाँड्रीत फुकट धुतला जाई. दुकानाचा कर भरायचं कामही त्याच्याकडेच गेलं. "कागदपत्रांची कटकट तुला कशाला? कार्यालयाला पत्ता आणि फोन माझाच देतो," तो म्हणाला. ताई दर तिमाहीला कराचे पैसे त्याच्या हातावर ठेवत. पावती मागायला त्यांची जीभच रेटली नसती.

मग एक दिवस बँकेतलं खातं गोठलं. साबणवाल्याचा चेक परत गेला आणि तो दारात येऊन नाही नाही ते बोलला. कर थकल्यामुळे खातं गोठवलंय असं बँकेत कळलं, तशा ताई तडक कर कार्यालयात गेल्या.

"तुम्हाला तीन नोटिसा पाठवल्या. एकीचंही उत्तर नाही," टेबलामागच्या अधिकारी बाई म्हणाल्या.

"मला तर एकही मिळाली नाही हो."

बाईंनी एक प्रत पुढे सरकवली. वर निळा शिक्का, मधोमध जाड चौकट. ताई बघतच राहिल्या. असले कागद त्यांनी भावाच्या कोटातून काढले होते. पावसात भिजलेला एक तर सुरकुतीही न ठेवता वाळवून दिला होता, त्यावर आपलंच नाव आहे हे न बघता! असला प्रामाणिकपणा काय चाटायचाय, असं त्यांना झालं.

बाई तशा भल्या होत्या. "आधी वर्ष बघा, मग रक्कम, मग उत्तराची मुदत. रक्कम मान्य असेल तर हप्ते मागा. आणि कर का थकला ते खरं लिहा. उत्तर आलं नाही तर दुकानातली यंत्रं जप्त होतील."

ताईंनी बोलावलं तसा संध्याकाळी भाऊ आला. बोलण्यात नुसती साखर. "ताई, घराचे हप्ते चालू होते गं. भरणारच होतो मी. हे बघ, उत्तर लिहूनच आणलंय. तू फक्त सही कर."

त्याने पुढे केलेला कागद ताईंनी आज पहिल्यांदा वाचला. 'मी अल्पशिक्षित असून कर भरावा लागतो याची मला कल्पना नव्हती. या कामासाठी मी कोणाकडेही पैसे दिलेले नाहीत.'

पैसे खाल्ले, ते त्यांनी एक वेळ पोटात घातलं असतं. पण केसाने गळा कापायचा आणि वर आपल्यालाच अडाणी, खोटारडी ठरवायचं?

"मी तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

"माझी नोकरी जाईल, ताई. तुझं काय, फार तर दंड होईल."

तुझं काय! ताईंना रडू आलं नाही, संताप आला. त्यांनी त्याला दुकानाबाहेर काढलं आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात उत्तर लिहायला बसल्या. कर भरायचा असतो हे माहीत होतं, पैसे वेळेवर दिले, कोणाला दिले, सगळं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाईंनी ते वाचलं. "हे नाव लिहिलंत म्हणून कर माफ होणार नाही. तो तुम्हालाच भरावा लागेल. हप्ते मिळतील, दंडाचं बघता येईल. तरी नाव राहू द्यायचं?"

"राहू द्या."

बाईंनी पेन उचललं. "नातं लिहायचं राहिलंय. भाऊ म्हणजे चुलत, मावस?"

'चुलत' म्हणून टाकावं असं ताईंना वाटलं. फार फार वाटलं.

"सख्खा," त्या म्हणाल्या.